जनसुनावणीला जाऊन काय फरक पडतो?

प्रश्न : आमच्या तालुक्यात खाणीसाठी जनसुनावणी लागलीये. बाबा म्हणतात त्यांच्या वेळी असलं काही नव्हतंच. खरंय का? आणि जाऊन उपयोग काय?

उत्तर : बाबांचं बरोबर आहे. प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं हा नियमच 1994 ला आला आणि सुनावणी सक्तीची झाली 1997 मध्ये, त्याआधी सगळं फायलीतच व्हायचं, गावाला कळायचं ते थेट जेसीबी आल्यावर. मग 2006 ला नवी अधिसूचना आली, बऱ्याच प्रकल्पांची मंजुरी राज्याकडे सोपवली, काहींना सुनावणीतून सूटही मिळाली. 2020 मध्ये तिच्या जागी आणायच्या अधिसूचनेच्या मसुद्यात तर लोकांना म्हणणं मांडायला मिळणारे नोटिशीचे 30 दिवस 20 वर आणायचं चाललं होतं, आणि तो मसुदा आधी फक्त इंग्रजी-हिंदीत, बाकी भाषांसाठी लोकांना दिल्ली हायकोर्टात जावं लागलं (गंमतच आहे ना!).

उपयोगाचं म्हणाल तर सुनावणीत मतदान नसतं, गाव नाही म्हणालं म्हणून प्रकल्प थांबेलच असं नाही. पण बोललेलं इतिवृत्तात येतं, म्हणून लेखी हरकत द्याच आणि पोच घ्या. मंजुरी मिळालीच तर हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात ते न्यायाधिकरण) अपिलाला 30 दिवस असतात, तिथे तोच कागद कामी येतो.