३०० केल्विन म्हणजे किती अंश सेल्सिअस?

केल्विनमधून २७३.१५ वजा करा. ३०० केल्विन म्हणजे २६.८५ अंश सेल्सिअस, पंखा लावावासा वाटेल इतपत. उलट जायचं तर तेवढेच मिळवा.

दोन्ही मापांत एका अंशाचा आकार सारखाच, फक्त शून्य वेगळ्या जागी. त्यामुळे प्रश्न तापमानातल्या फरकाचा असेल तर २७३ मध्ये आणूच नका. वायूंच्या गणितात मात्र आधी केल्विन कराच! दाब तोच ठेवून वायू २७ वरून ५४ अंशांवर नेला तर आकारमान दुप्पट होत नाही. ३०० चे ३२७ केल्विन झाले, म्हणजे वाढ फक्त ९ टक्के. मार्क इथेच जातात.

तापाचा थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर ३२ वजा करून ५ ने गुणा, ९ ने भागा: १०४ म्हणजे ४० सेल्सिअस.