पोहता न येणाऱ्या कुटुंबाला वर्षभर नदीत कयाकिंग करता येईल का?

आपण विचारले आहे की पुण्याहून सोयीच्या कोणत्या नदीत दहा वर्षांच्या मुलीला आणि पोहता न येणाऱ्या आईवडिलांना घेऊन वर्षभर कयाकिंग करता येईल. मी गेली काही वर्षे घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर कोकणातल्या खाड्यांमध्ये वल्हे मारत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘वर्षभर’ हा शब्द सोडून द्यावा आणि ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरावेत. शिवाय महिन्यापेक्षा भरतीची वेळ आधी पाहावी.

हे मी चुकून शिकलो. एका डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदीत आम्ही सहा जण तीन कयाक घेऊन दुपारी दोनच्या सुमारास संगमाच्या दिशेने निघालो. नुकतीच अमावास्या होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस होते आणि ओहोटी लागली होती. जाताना वल्ह्याला फारसे श्रमच पडले नाहीत आणि आम्ही आपल्याच कौशल्यावर खूश होतो. परतताना मात्र ओहोटीचे पाणी आणि वायव्येचा वारा दोन्ही तोंडावर आले. मी आणि माझी पुतणी जिवाच्या आकांताने वल्हवत होतो, तरी काठावरचा एक वाकडा माड बराच वेळ आमच्या शेजारीच उभा होता. शेवटी होडीतून जाणाऱ्या एका मच्छीमाराने दोर टाकून आम्हाला ओढत आणले. कयाक भाड्याने देणाऱ्याने भरतीविषयी चकार शब्द काढला नव्हता, आणि विचारायचे असते हे आम्हालाही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून आम्ही पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी निघतो, चढत्या पाण्याबरोबर नदीत आतल्या बाजूला जातो, पाणी थबकले की खारफुटीच्या सावलीत थांबून डबा उघडतो आणि उतरत्या पाण्याबरोबर परत येतो, त्यामुळे दमलेल्या माणसांना घरी नदीच आणून सोडते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब असा आहे, की तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. मुंबईच्या मानाने मालवणकडे ती थोडी आधी येते, म्हणून नेमकी वेळ तक्त्यावरून किंवा गावातल्या मच्छीमाराकडून पक्की करावी. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडावेत. त्या वेळी भांग, म्हणजे उधाणाच्या उलट लहान भरती-ओहोटी, असते आणि पाण्याला ओढ कमी असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंदावला की पाणी आरशासारखे असते, आणि दुपारी समुद्राकडचा वारा सुरू झाला की तेच पाणी डचमळू लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दहापर्यंत निवांत वल्हवता येते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र साडेनऊपर्यंत काठावर परतावे, कारण तेव्हा वाऱ्याइतकेच ऊनही जाच करते.

पोहता येत नाही याने फारसे अडत नाही, मात्र जॅकेट अंगाला घट्ट बसले पाहिजे. मुलीचे जॅकेट दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ते तिच्या मापाचे नाही, आणि लहान मापाचे नसेल तर त्या दिवशी तिला नेऊ नये. वर बसायची, उघडी कयाक घ्यावी. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही. दोघांच्या कयाकमध्ये ताकदीचा माणूस मागे बसवावा, म्हणजे दिशा त्याच्या हाती राहते. पायांत पट्ट्यांच्या सपाता हव्यात, कारण खडकांना आणि खारफुटीच्या मुळांना चिकटलेले कालवांचे शिंपले ब्लेडसारखे कापतात.

कोलाडची कुंडलिका नदी अनेक जण सुचवतील. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली सोडले जाते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. पण तो वेगाचा, राफ्टिंगचा प्रवाह आहे, आईवडिलांना तिथे नेऊ नये. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री मगरींमुळे मी टाळतो. घाटावर कोल्हापुरी बंधाऱ्यांमागे पाणी शांत दिसते, परंतु बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर त्याच्या वर किंवा खाली कुठेही जवळ जाऊ नये. खाली पडणारे पाणी उलटे फिरून माणसाला पुन्हा भिंतीकडेच खेचते, आणि तिथे जॅकेटचाही भरवसा नाही.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंदच असतात आणि नद्या गढूळ, फुगलेल्या असतात. त्या महिन्यांत आम्ही जलतरण तलावावर जातो आणि जॅकेट घालून मुद्दाम पाण्यात पडतो. माझ्या आईने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिथेच पहिल्यांदा पाय जमिनीवरून उचलले, आणि ‘अगो बाई, तरंगते की मी!’ असे ओरडून सगळा तलाव डोक्यावर घेतला.