मेडिकल इमेजिंगमध्ये संशोधन करायचंय? आधी एवढं कर
भावा, कोल्हापुरात राहून हे जमेल का, असं विचारलंस. सुरुवात नक्की जमते. एलआयडीसी-आयडीआरआय या खुल्या संग्रहात फुफ्फुसांचे १,०१८ सीटी स्कॅन आहेत. साध्या लॅपटॉपवर त्यातले वीसेक उघडून नुसते बघत बस. डीप लर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरला ढीगभर उदाहरणांवरून शिकवणं, ते नंतर.

नवी पोरं हमखास इथं चुकतात:

- स्कॅन थेट जेपीजी करून टाकतात. सीटीत घनता हाउन्सफिल्ड या एककात मोजतात, पाणी ० आणि हवा उणे १००० असते. त्या आकड्यांनाच अर्थ आहे, जेपीजीत तोच हरवतो.
- स्लाइस, म्हणजे स्कॅनमधले एकेक काप, सरमिसळ करून ट्रेनिंग (मॉडेल शिकवायचे) आणि टेस्ट (तपासायचे) असे गठ्ठे वेगळे करतात. एका पेशंटच्या शेकडो स्लाइस असतात, त्या दोन्हीकडं गेल्या की मॉडेल पेशंटच ओळखायला लागतं. माझं पहिलं मॉडेल असंच ९८ टक्क्यांवर गेलेलं. आठवडाभर मिसळ खाऊ घालत फिरलो, मग गाइडनं एकच प्रश्न विचारला आणि सगळं खाली आलं. विभागणी पेशंटनुसारच कर.
- ओळखीच्या डॉक्टरकडून पेनड्राइव्हवर स्कॅन आणतात. एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय हात लावू नकोस.

रेडिओलॉजिस्टशेजारी एक दुपार बसायला मिळाली तर सोडू नकोस, दहा पेपर वाचून कळत नाही ते तिथं कळतं.

गेट या इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे. पीएचडीला कॉलेजच्या नावापेक्षा गाइड बघ, आणि त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लाव. पेपर कुठं छापायचा हे आत्ताच विचारू नकोस.