ध्रुवीय संशोधनाला मदत करणाऱ्या चॅरिटी नेमकं कोण चालवतं? त्यांना पगार असतो का?

तुम्ही विचारलंय की अंटार्क्टिका नि आर्क्टिकच्या संशोधनाला हातभार लावणाऱ्या ज्या परदेशी चॅरिटी आहेत त्यांच्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं, बर्फात फिरलेले साहसवीर की पैसेवाले, त्यांना पगार किती, आणि गोव्यात एमएससी करणाऱ्या तुमच्या भाचीला त्यांचा काही उपयोग आहे का.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः बर्फावर कधी गेलेलो नाही. मूळचा सांगलीचा, बीकॉम, आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडात छोट्या चॅरिटींचे हिशोब बघतो, त्यामुळे पेंग्विनपेक्षा बॅलन्सशीट मला जास्त कळते. पण या विषयाचं जरा वेड आहे म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर बहुतेक ठिकाणी निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले शास्त्रज्ञ असतात आणि त्यांना पगार नसतो. इंग्लंडात चॅरिटीचा ट्रस्टी म्हणजे आपला विश्वस्त, त्याने सहसा फुकटच काम करायचं असतं, फार तर रेल्वेचं तिकीट नि दुपारचं जेवण निघतं. पगार असतो तो ट्रस्टींनी नेमलेल्या माणसाला, म्हणजे सीईओ वगैरे. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे इथे चॅरिटी कमिशनच्या साइटवर कुठल्याही नोंदणीकृत संस्थेचं नाव टाका, विश्वस्त कोण आणि किती पैसे आले गेले ते घरबसल्या दिसतं. आमच्या गावच्या वाचनालयात बाबा विश्वस्त होते, तिथले एक काका वारले तरी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी ते पुढची सहा वर्षं हयात होते कारण आमच्यापैकी कुणी चेंज रिपोर्टच टाकला नव्हता, आणि मग एकदा बँकेत सही लागली तेव्हा जी पळापळ झाली ती विचारू नका. तेव्हापासून कुठल्याही संस्थेकडे बघताना मी फोटो नंतर बघतो, सही कुणाची चालते ते आधी बघतो. या ध्रुवीय मंडळींकडेही मी तसंच बघतो.

सगळ्यात आवडता माणूस म्हणजे फ्रँक डेबनहॅम. ऑस्ट्रेलियन भूशास्त्रज्ञ, कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ च्या टेरा नोव्हा मोहिमेत होता. स्कॉट आणि त्याचे चार साथीदार दक्षिण ध्रुवावरून परत येताना १९१२ साली गेले, ती बातमी इंग्लंडात पोचली १९१३ च्या फेब्रुवारीत, आणि मग लोकांनी वर्गणीचा नुसता पाऊस पाडला. त्यातून आधी मागे राहिलेल्या कुटुंबांची सोय केली, आणि उरलेल्या पैशांतून डेबनहॅमच्या कल्पनेप्रमाणे १९२० मध्ये केंब्रिजला स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी राहिली. कल्पना त्याला सुचली होती अंटार्क्टिकातच, केप रॉइड्सला, त्याआधी मोहीम घेऊन आलेल्या शॅकल्टनच्या जुन्या रिकाम्या लाकडी खोपटात. म्हणजे प्रत्येक मोहीम जाते, मरमर करून माहिती आणते, आणि मग ती डायऱ्या-नकाशांच्या रूपात ज्याच्या त्याच्या घरी माळ्यावर पडते, तर ती एका जागी ठेवणारं कुणीतरी पाहिजे. बास, एवढंच. आणि हा माणूस १९२० पासून १९४६ पर्यंत त्या संस्थेचा संचालक होता तो बिनपगारी, पोटापाण्यासाठी युनिव्हर्सिटीत भूगोल शिकवायचा, १९३१ मध्ये केंब्रिजचा भूगोलाचा पहिला प्रोफेसर झाला. सव्वीस वर्षं फुकट! आता ती संस्था केंब्रिज युनिव्हर्सिटीचाच विभाग आहे, म्हणजे काटेकोरपणे वेगळी चॅरिटी नाही, पण वर्गणीतून उभी राहिलेली म्हणून मी ती इथे धरतो.

दुसरा नमुना त्याहून शांत. डेव्हिड वॉल्टन म्हणून ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी ध्रुवीय संशोधन संस्थेत, परिसंस्थांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८९ मध्ये 'अंटार्क्टिक सायन्स' नावाचं संशोधन नियतकालिक सुरू केलं आणि त्याचे मुख्य संपादक ते शेवटपर्यंत राहिले, २०१९ च्या फेब्रुवारीत वारले. गंमत अशी की त्या नियतकालिकाच्या मागे एक छोटी चॅरिटी आहे, आणि नियतकालिकातून जो पैसा सुटतो त्यातून ती तरुण संशोधकांना छोट्या शिष्यवृत्त्या देते. आपल्याकडे दिवाळी अंकातून सुटलेल्या पैशात मंडळाने दोन मुलांच्या फिया भराव्यात तसा प्रकार. तिथे पुढारी म्हणजे कोण, तर आलेले लेख वाचणारे, परीक्षकांना महिनोन्महिने आठवण करणारे, आणि वर्षाला एकदा बसून कुठल्या पोराला पैसे द्यायचे ते ठरवणारे चारपाच अनुभवी लोक. यात कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं काहीही नाही, पण पीएचडीनंतर कुठेतरी लटकलेल्या पोरीला दुसऱ्या देशातल्या लॅबमध्ये जाऊन नमुने तपासता येतात ते असल्या रकमांमुळे.

आता तुम्हाला हवा असलेला साहसवीर. बेल्जियममध्ये इंटरनॅशनल पोलर फाउंडेशन आहे, ब्रुसेल्सला, २००२ मध्ये तिघांनी काढली. आंद्रे बर्जे हे हवामानशास्त्रातलं मोठं नाव, ह्युगो डेक्लेर हिमनद्यांचे अभ्यासक, आणि तिसरा आलँ युबेर, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर पण ओळख गिर्यारोहक म्हणून. युबेरने डिक्सी डान्सरकूरबरोबर १९९७-९८ मध्ये अंटार्क्टिका आडवा पार केला होता, साधारण ३९०० किमी, ९९ दिवसांत, स्कीवर उभं राहून मोठ्या पतंगांनी ओढून घेत. (डान्सरकूर नंतर २०२१ मध्ये ग्रीनलंडला हिमभेगेत पडून गेला.) तर बेल्जियमचा अंटार्क्टिकातला पहिला तळ १९६७ मध्ये बंद पडलेला होता, आणि २००४ मध्ये सरकारने या फाउंडेशनला सांगितलं की नवा तळ तुम्हीच डिझाइन करा नि बांधा. आता विचार करा, एखाद्या देशाने आपला अंटार्क्टिकाचा तळ एका धर्मादाय संस्थेला बांधायला द्यायचा! पण बांधला, आणि काय बांधला. प्रिन्सेस एलिझाबेथ स्टेशन, १५ फेब्रुवारी २००९ ला उद्घाटन, उटस्टाइनेन नावाच्या ग्रॅनाइटच्या धारेवर, पवनचक्क्या आणि सोलरवर चालणारा, सांडपाणी शुद्ध करून परत वापरणारा. त्याआधी २००७ मध्ये सगळा सांगाडा ब्रुसेल्समध्ये उभा करून लोकांना दाखवला, मग खोलून जहाजात घातला. पैसे जमवायचे तर असं काहीतरी डोळ्यांनी दिसावं लागतं, हे त्या युबेरला बरोबर कळत होतं. कंपन्यांकडून वस्तू, पैसे, माणसं सगळं गोळा केलं.

आणि इथेच माशी शिंकली. तळ बांधून झाल्यावर तो सरकारच्या नावावर झाला, पण फाउंडेशनचा त्यात नावाला बारीकसा हिस्सा राहिला आणि चालवणारे तेच राहिले. मग हिशोब, ठेके, कोण कुणाला विचारून काय करतो, यावरून सरकार नि युबेर यांचं जे जुंपलं ते पार तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टापर्यंत गेलं, २०१५ च्या आसपास सरकारने फाउंडेशनला बाजूला करायचा प्रयत्न केला आणि शेवटी २०१७ मध्ये तडजोड झाली, की मालकी पूर्ण सरकारची आणि चालवायचं काम करार करून परत फाउंडेशनकडे. कोण चूक कोण बरोबर यात मी पडत नाही, दोन्हीकडचे कागद वेगवेगळं बोलतात. पण हिशोबवाला म्हणून माझं मत विचाराल तर संस्थापक, इंजिनिअर, मोहिमेचा म्होरक्या आणि संस्थेचा चेहरा हे सगळं एकच माणूस असला की उभारणी झपाट्याने होते आणि नंतर त्याला 'हे बिल कशाचं' असं विचारायची कुणाची छाती होत नाही. आपल्याकडच्या शिक्षणसंस्था आठवून बघा, एकट्या संस्थापक-अध्यक्षांच्या सहीवर चाललेल्या. तरी हेही खरं की हा माणूस नसता तर तळ नसता. २०१३ मध्ये त्याच तळावरून गेलेल्या बेल्जियन-जपानी टीमला १८ किलोची उल्का सापडली, ती काय समितीच्या ठरावाने सापडत नाही.

पगारी प्रमुख बघायचा असेल तर यूके अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्ट घ्या, १९९३ ची संस्था, तिच्या सीईओ म्हणून २०१४ मध्ये कॅमिला निकोल आल्या, त्या म्युझियमच्या क्षेत्रातल्या. हे लोक मुळात जुने तळ जपतात, अंटार्क्टिकातल्या पोर्ट लॉकरॉयचं ते फेमस पोस्ट ऑफिस त्यांचंच, पण तिथे नेमलेली माणसं टपालावर शिक्के मारता मारता जेंटू पेंग्विनची घरटी नि पिल्लंही मोजतात आणि ते आकडे वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना जातात, म्हणून यादीत घेतलं. त्यांचा पैसा बराचसा तिथल्या दुकानातून, म्हणजे क्रूझवाल्या टुरिस्टांकडून येतो. कोव्हिडमध्ये दोन हंगाम ते बंदच, मग काय, बसा हातावर हात ठेवून. असल्या वेळी जो प्रमुख असतो त्याला ध्रुवाचं ज्ञान कमी असलं तरी चालेल, पण सहा महिन्यांची गंगाजळी किती आहे हे तोंडपाठ पाहिजे.

पैसेवाले पण आहेत, नाही असं नाही. फ्रेडरिक पॉलसन हे औषध कंपनीवाले, त्यांच्या पैशांतून २०१६-१७ मध्ये केपटाउनहून निघून अंटार्क्टिकाला पूर्ण वळसा घालणारी मोठी संशोधन सफर झाली, त्यात २२ प्रकल्प होते, आणि मुख्य शास्त्रज्ञ कोण, तर वर सांगितलेले डेव्हिड वॉल्टन, निवृत्तीनंतर. म्हणजे पैसा एकाचा आणि अक्कल दुसऱ्याची, माझ्या मते ही जोडी सगळ्यात बरी. तसंच २०२२ मध्ये शॅकल्टनचं बुडालेलं 'एन्ड्युरन्स' जहाज ३००८ मीटर खोल सापडलं ना, ते शोधकाम फॉकलंड्स मेरिटाइम हेरिटेज ट्रस्टचं, तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड लॅमॉन्ट, फॉकलंडचे माजी गव्हर्नर. पैसे देणाऱ्याने आपलं नाव जाहीर करू दिलं नाही. इकडे बसस्टॉपच्या बाकड्यावर सुद्धा 'यांच्या सौजन्याने' रंगवणारे आपण, मला तो माणूस कोण असेल याचीच जास्त उत्सुकता.

भाचीचं म्हणाल तर आपल्याकडे हा कारभार सरकारी आहे, वास्कोच्या एनसीपीओआरकडून, म्हणजे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून, मोहिमा जातात, मैत्री नि भारती हे तळ तेच सांभाळतात, तेव्हा पहिला अर्ज तिथेच, आणि ती गोव्यात आहे म्हणजे बसने जाऊन विचारून येईल. पण त्याच्या जोडीला स्कारकडे लक्ष ठेवायला सांगा. अंटार्क्टिक संशोधनात देशादेशांचा मेळ घालणारी ती आंतरराष्ट्रीय समिती, १९५८ पासूनची, भारत १९८४ पासून तिच्यात आहे, २०२२ ची त्यांची मोठी परिषद एनसीपीओआरने ऑनलाइन भरवली होती. कागदोपत्री तीही इंग्लंडात नोंदवलेली चॅरिटीच आहे, ऑफिस केंब्रिजला डेबनहॅमच्याच संस्थेत. तिचा अध्यक्ष सभासद देशांचे प्रतिनिधी निवडतात, तो आपापल्या देशात नोकरी करून हे काम बघतो, रोजचा गाडा पगारी कार्यकारी संचालक हाकतो. तरुण संशोधकांना ते फेलोशिप देतात, भाचीने पीएचडीला लागल्यावर जाहिरात बघायला सुरुवात करावी आणि अर्जात 'लहानपणापासून पेंग्विन आवडतात' असलं काही लिहू नये, कुठल्या लॅबमध्ये कुठलं मशीन वापरणार नि किती दिवस ते लिहावं.

आणि तुम्ही स्वतः जर आकडेमोडीतले असाल तर अशा छोट्या संस्थांना शास्त्रज्ञ कमी पडत नाहीत, कमी पडतो तो मानद खजिनदार, शास्त्रज्ञ मंडळी त्या खुर्चीकडे फिरकत नाहीत. मीटिंगा हल्ली बहुतेक झूमवर होतात, थंडी वाजलीच तर केंब्रिज स्टेशनवर शेवटची गाडी चुकल्यावर वाजते, मला दोनदा वाजलीये.