आपल्याकडे शंभर वर्षांची गोधडी का नाही?

मनू,

नेब्रास्कातल्या लिंकनच्या क्विल्ट म्युझियममधून (क्विल्ट म्हणजे इथली अमेरिकेतली गोधडीच) येताना गाडीत तू विचारलंस ना, की आजीकडे अशी शंभर वर्षांची गोधडी का नाही, आपले लोक जुन्या वस्तू जपत नाहीत का. तेव्हा हो-नाही करून सोडलं, आता नीट लिहिते.

जुनी गोधडी असते गं, फक्त ती नव्या गोधडीच्या पोटात असते! आपल्याकडे सहसा आत कापूस किंवा बॅटिंग, म्हणजे क्विल्टमध्ये भरायचा तयार मऊ थर, घालत नाहीत, जुनी लुगडी, धोतरं, चादरी यांचेच थर अंथरायचे, वरून एक त्यातल्या त्यात धड नऊवारी, आणि मग उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर बसून शेजारणींनी मिळून धावदोरा घालायचा. काही वर्षांनी वरचं विरलं की त्यावर दुसरं लुगडं चढवायचं, परत टाके. म्हणजे पणजीचं लुगडं बघायचं तर आजीची गोधडी उसवावी लागेल, आणि ते ती करू देणार नाही, विचारूही नकोस. वर ती रोज अंगाखाली, पावसाळा संपला की विहिरीवर बडवून धुवायची, भिजली की दोघींना पिळवत नाही इतकी जड. अशी वापरलेली वस्तू काचेत ठेवायला उरणार कुठून? उरलीच तर तिचं पायपुसणं होतं.

इथल्याही रोजच्या वापरातल्या क्विल्ट अशाच संपल्या. म्युझियममध्ये दिसतात त्यातल्या बऱ्याचशा ठेवणीतल्या, पाहुण्यांसाठी ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या. १८४०च्या दशकात सुरू झालेल्या बाल्टिमोर अल्बम क्विल्ट, ज्यांच्या चौकोनांवर बऱ्याचदा सह्या असतात, त्या काय रोज पांघरायला केल्या नव्हत्या. आणि जुन्या क्विल्टमधले तेवढे तपकिरी तुकडेच झडलेले दिसतात ना, ते उंदरांनी खाल्लेले नाहीत, त्या रंगात लोखंड असायचं, त्यानं सूत आतून कुजतं.

आता शेजारच्या काकूंचा स्टॅश, म्हणजे क्विल्टसाठी साठवलेलं कापड. बेसमेंटभर कपाटं, रंगानुसार लावलेल्या घड्या, फॅट क्वार्टर म्हणतात ते १८ बाय २२ इंचाचे कापडाचे तुकडे, सगळं कोरं, विकत आणलेलं, आणि त्या स्वतःच म्हणतात की हे सगळं शिवायला एक जन्म पुरणार नाही. आजीचा स्टॅश म्हणजे माळ्यावरचं गाठोडं. त्यात विकतचं काही नाही. जरीच्या, बऱ्या साड्या बोहारणीकडे जायच्या, त्यावर पातेलं यायचं, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती तेवढं गाठोड्यात.

पण हे फक्त आपलंच असं समजू नकोस. १९३०च्या मंदीत इथल्या बायका कोंबड्यांच्या खाद्याची पोती उसवून त्याच्या क्विल्ट शिवायच्या, आणि कंपन्याही पोत्यांवर फुलाफुलांचं प्रिंटच द्यायच्या, गिऱ्हाईक ओळखलं बरोबर! आणि अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांनी शेतात घालून झिजलेल्या पँटांच्या क्विल्ट केल्या, त्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या आणि २००६ मध्ये पोस्टाच्या तिकिटांवरही आल्या. मला विचारशील तर आजीला त्याच सगळ्यात जवळच्या वाटतील.

हल्ली ऑनलाइन कोऱ्या कापडाच्या गोधड्या मिळतात, दिसायला छान, पण ती ऊब नाही, कडक लागतात. सिंथेटिक साडीची तर नकोच, घसरते आणि घाम येतो.

तुला करायचीच असेल तर रविवारी बसू. बाबांचे जुने सुती शर्ट घे, कॉलर आणि बटणं आधी काढ. माझी हिरवी इरकल कापायची नाही. ती मी अजून नेसते.

— आई