एवढ्या तगड्या पीसीवर विंडोज ११ चं अपडेट दर महिन्याला अर्ध्यावरून मागे का फिरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आय९-१४९००के, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०८०. दर महिन्याचं अपडेट व्यवस्थित डाउनलोड होतं, रीस्टार्टनंतर थोडं पुढे जातं आणि मग ‘अनडुइंग चेंजेस’ दाखवून मागे येतं. एरर ०एक्स८००७३७१२. एसएफसी (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) स्कॅन केलं की फाइली दुरुस्त झाल्या म्हणून सांगतं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. एकदा फॉरमॅट मारून झालं. शिवाय दोन गेम सुरू होतानाच ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतात.

ते गेमचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तोच सगळ्यात मोठा धागा वाटतो. ४०८० वर १६ जीबी व्हिडिओ मेमरी असते, ती गेमच्या पहिल्या स्क्रीनवर संपत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरवर हाच मेसेज अनेकांना आला. त्या वेळी गेम शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतो, दाबून म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेला डेटा उलगडत असतो, आणि प्रोसेसर त्यात चुकतो. दोष ग्राफिक्स कार्डाच्या नावावर जातो.

विंडोज अपडेटही नेमकं हेच काम करतं. पॅकेज दाबलेल्या रूपात येतं, त्यातले बदल जुन्या फाइलींवर लावून नव्या फाइली बनतात आणि प्रत्येकीचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळतो का ते पाहिलं जातं. एक बिट जरी उलटला तरी हॅश जुळत नाही. तुमच्या एररचा अर्थ, विंडोज जिथे आपल्या फाइलींचा साठा ठेवतं तो विनएसएक्सएस खराब झाला आहे. साठा एकदाच खराब झाला तर कारण काहीही असू शकतं, अगदी वीज जाणंसुद्धा. पण दुरुस्त करून, फॉरमॅट मारून पुन्हा खराब होत असेल, तर मी विंडोजवरचं लक्ष काढून रॅम आणि प्रोसेसरकडे वळतो. फॉरमॅटने फरक का पडला नाही, तेही यात आलं: नवं विंडोज त्याच डळमळीत मशीनने उलगडून बसवलं.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डर उडवा, हा सल्ला तुम्हाला दहा ठिकाणी मिळाला असेल. त्याने फक्त डाउनलोडचा साठा साफ होतो. डाउनलोड अडकलं असेल तेव्हा तो खरंच उपयोगी आहे, तुमच्या एररवर नाही.

आज संध्याकाळी एक साधी चाचणी करा. एखादं मोठं गेम फोल्डर, पन्नासेक जीबीचं, सेव्हन-झिपने दाबून फाइल बनवा आणि मग तिच्यावर ‘टेस्ट आर्काइव्ह’ पुन्हा पुन्हा चालवा. दर वेळी त्याच फाइलवर सीआरसी एरर (तपासणीचा आकडा न जुळणं) आला तर ती फाइल बिघडलेलीच लिहिली गेली आहे. एकदा या फाइलवर, नंतर त्या फाइलवर, मध्येच एखाद्या वेळी काहीच नाही, असं झालं तर रॅम किंवा प्रोसेसर. सोबत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमच्या नोंदी उघडून ‘व्हीया-लॉगर’ शोधा, हार्डवेअरच्या चुका त्या नावाने नोंदल्या जातात. तिथे ‘इंटर्नल पॅरिटी एरर’ दिसला तर बोट प्रोसेसरकडे जातं.

आता बायॉस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर. त्याला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की काढून कागदावर लिहा आणि बिटलॉकर सस्पेंड करा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं असेल, तर ड्राइव्हचं एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं. बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं आणि बायॉस बदलल्यावर निळ्या स्क्रीनवर की मागितली की धाबं दणाणतं. बायॉसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटोही काढा, खास करून स्टोरेजचं पान. व्हीएमडी किंवा रेड (ड्राइव्ह हाताळायच्या पद्धती) चालू असताना विंडोज टाकलं असेल आणि डिफॉल्ट लोड केल्यावर ते बंद झालं, तर विंडोज बूटच होणार नाही.

मग मदरबोर्डच्या कंपनीचं सगळ्यात नवं बायॉस टाका. यूपीएस असेल तर त्यावरच, आणि वादळी पावसात वीज ये-जा करत असेल त्या दिवशी नकोच. इंटेलने या प्रोसेसरसाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं, बायॉसमधून येणारं सॉफ्टवेअर) ऑगस्ट २०२४ मध्ये, ०एक्स१२बी सप्टेंबर २०२४ मध्ये आणि ०एक्स१२एफ मे २०२५ मध्ये दिला. तुमच्या बायॉसमध्ये यातला शेवटचा किंवा त्यापुढचा असायला हवा. त्यानंतर ‘इंटेल डिफॉल्ट’ प्रोफाइल निवडा. बरेच बोर्ड पॉवर लिमिट ४०९६ वॅटवर, म्हणजे प्रत्यक्षात मोकळीच, ठेवून येत होते. या प्रोसेसरची मर्यादा २५३ वॅट आहे. आणि एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, बंद करा. विक्रेत्याने ‘रॅम फुल स्पीडला लावून दिली’ म्हटलं असेल, पण १४९००के अधिकृतपणे डीडीआर५ ५६०० पर्यंतच चालवतो, चार स्टिक लावल्या असतील तर आणखी खाली. डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका आपोआप सुधारणारी सोय) असतं असं कोणी सांगेल. ते चिपच्या आतल्या चुका सुधारतं, प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरच्या नाही.

या अवस्थेत मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. लाल रंगात एकही ओळ आली तर रॅम नापास, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. मग एकेक स्टिक वेगळी लावून तपासा.

रॅम पास झाली आणि सेव्हन-झिपची चाचणीही स्वच्छ गेली, की मगच विंडोजची दुरुस्ती. आधी डिस्म या विंडोजच्याच साधनाची रिस्टोअरहेल्थ आज्ञा, नंतर एसएफसी. हा क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी चांगली फाइल त्याच साठ्यातून उचलतं जो डिस्म दुरुस्त करतं. डिस्मही अडलं तर त्याच आवृत्तीची आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची फाइल) माउंट करून आतलं सेटअप चालवा आणि फाइल्स व ॲप्स ठेवायचा पर्याय घ्या. फॉरमॅटची गरज नाही. काय खराब होतं ते पाहायचं असेल तर विंडोज, लॉग्ज, सीबीएस या फोल्डरमधल्या लॉगमध्ये ‘पेलोड करप्ट’ शोधा. फाइलींची नावं तिथे मिळतात.

इतर कोडवाल्यांनी हे सगळं करत बसू नये. सी१९००१०१ ने सुरू होणारा एरर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये ८००७०६४३ ने खूप जणांना छळलं, त्यात रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नव्हती, एवढंच. आणि विंडोज हलकं करणाऱ्या डीब्लोटवाल्या स्क्रिप्ट चालवल्या असतील तर तेही तपासा. विंडोजचे भाग उपटून काढलेले असले की अपडेटला ते सापडत नाहीत.

अपडेट नीट बसलं की महिनाभर तसंच चालवा. पुढचंही सरळ गेलं तर एक्सएमपी चालू करा, पण वेग एक पायरी खाली ठेवून, आणि मेमटेस्ट परत. उलट, नवं बायॉस, डिफॉल्ट सेटिंग आणि रॅम पास असूनही गेम पडतच असतील, तर प्रोसेसर आधीच झिजलेला आहे. मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. इंटेलने या पिढ्यांच्या बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून खरेदीपासून पाच वर्षं केली आहे, म्हणून बिल शोधून ठेवा. क्लेम करताना मेमटेस्ट पास झाल्याचा फोटो, व्हीयाच्या नोंदी आणि बायॉसच्या पानावरचा मायक्रोकोड नंबर सोबत द्या, म्हणजे ‘विंडोज पुन्हा टाकून बघा’ हे उत्तर कोणी देणार नाही.