पत्त्यातल्या ओळी प्रोग्रॅममध्ये बिघडतात, तर एन्टर काढून टाकू का?

तुम्ही कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानासाठी पायथनमध्ये ऑर्डरचा प्रोग्रॅम लिहिताय. गिऱ्हाईक फॉर्ममध्ये पत्ता तीन ओळींत भरतं, पण वेबपानावर तो सलग एका ओळीत दिसतो, सीएसव्हीत (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) एकाच ऑर्डरच्या तीन ओळी होतात, आणि तेच गिऱ्हाईक परत आलं तरी पत्ता जुन्याशी जुळत नाही. म्हणून सगळे एन्टर काढून तिथं स्वल्पविराम घालू का, असं विचारलंय.

नका घालू. ‘महाद्वार रोड, शिवाजी पेठ’ असे स्वल्पविराम पत्त्यात मुळातच असतात. त्यातला कुठला गिऱ्हाइकाचा आणि कुठला तुमचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. मी शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो. तिथंही पत्त्याच्या ओळी हा डेटाच मानतो आणि जपतो.

आधी पत्ता जुळत नाही ते बघू, कारण खरं दुखणं तिथं आहे. एन्टर म्हणून दिसतं ते एकच चिन्ह असेल असं नाही. जुन्या टेलिप्रिंटरला नवी ओळ सुरू करायला दोन हालचाली लागत: छपाईचा गाडा डावीकडं नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. आस्कीत, म्हणजे अक्षरांना आणि चिन्हांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, पहिलीचा क्रमांक १३, दुसरीचा १०. कोडमध्ये आपण त्यांना बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एन लिहितो. विंडोज दोन्ही वापरतं, लिनक्स आणि आजचं मॅक फक्त १०, आणि मॅक ओएस एक्सच्या आधीचं मॅक फक्त १३ वापरायचं. ब्राउझर मोठ्या मजकुराच्या चौकटीतला पत्ता पाठवताना प्रत्येक ओळीनंतर १३ आणि १० अशी जोडी पाठवतो, मग गिऱ्हाईक मोबाईलवर असो की लॅपटॉपवर. एक्सेलच्या सेलमध्ये ऑल्ट-एन्टर दाबलं तर मात्र नुसता १० पडतो. दुकानदारानं जुने पत्ते एक्सेलमधून दिले असतील, तर डोळ्याला सारखे दिसणारे दोन पत्ते कधीच जुळणार नाहीत. नुसत्या प्रिंटवर विसंबू नका, पायथनचं ‘रेप्र’ फंक्शन वापरून स्ट्रिंग (म्हणजे तो मजकूर) छापा. लपलेली चिन्हं लगेच उघडी पडतात.

उपाय दाराशीच करायचा. पत्ता फॉर्ममधून येवो की फाईलमधून, डेटाबेसमध्ये जाण्याआधी त्यातली १३-१० ची जोडी नुसत्या १० मध्ये बदला, आणि त्यानंतर उरलेले सुटे १३ सुद्धा १० करा. हा क्रम उलटा करू नका. आधी सुटे १३ बदलले तर प्रत्येक जोडीचे दोन १० होतात आणि पत्त्यात रिकाम्या ओळी शिरतात. पत्त्याला अक्षरांची मर्यादा घातली असेल तर तीही या सफाईनंतरच तपासा. ब्राउझर एन्टरला एक अक्षर मोजतो, सर्व्हरवर तेच दोन होऊन येतं, आणि मर्यादेत लिहिलेला पत्ता उगाच नाकारला जातो.

वेबपानाचं सोपं आहे. एचटीएमएल नवी ओळ आणि मोकळी जागा सारखीच धरतं, म्हणून पत्ता सलग दिसतो. पानावर पत्ता दाखवणाऱ्या चौकटीला सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत) ‘व्हाइट-स्पेस’ची किंमत ‘प्री-लाइन’ द्या. बरेच जण डेटाबेसमध्येच बीआर टॅग (एचटीएमएलची नवी ओळीची खूण) घालून ठेवतात. ते मला अजिबात पटत नाही. उद्या तोच पत्ता पार्सलच्या लेबलवर छापला की टॅगही छापला जातो.

सीएसव्हीत मजकुरात नवी ओळ चालते, फक्त तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत हवा. सीएसव्हीची रचना सांगणाऱ्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हे लिहिलेलंच आहे. फाईल ओळीओळीनं वाचून स्वल्पविरामावर तोडणारा कोड मात्र तिथं चुकणारच. पायथनचं ‘सीएसव्ही’ मॉड्यूल वापरा आणि ‘ओपन’ करताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या. ती दिली नाही तर विंडोजवर लिहिताना जास्तीचा १३ घुसतो आणि दर दोन नोंदींमध्ये एक रिकामी ओळ दिसते.

लेबलसाठी पत्त्याच्या ओळी सुट्या करायला पायथनचं ‘स्प्लिटलाइन्स’ चांगलं आहे. शेवटी एन्टर राहिला असेल तरी ते रिकामा तुकडा देत नाही. ‘स्प्लिट’ला बॅकस्लॅश-एन दिलं तर तो मिळतो. पण ‘स्प्लिटलाइन्स’ युनिकोडची इतर ओळ-विभाजक चिन्हं आणि फॉर्म फीड (नवं पान सुरू करायचं चिन्ह) यांनाही ओळीचा शेवट मानतं. पत्त्याला त्यानं बिघडत नाही, दुसऱ्या कुठल्या डेटावर वापरताना ध्यानात ठेवा.

आधीपासून साठलेल्या पत्त्यांवरही हीच सफाई एकदा चालवा, अर्थात बॅकअप घेऊन. तरीही एखादा पत्ता जुळला नाही, तर दोन्ही पत्त्यांत खरं नाव आणि नंबर बदलून ‘रेप्र’चा निकाल इथं टाका, मी बघतो.